मुक्या टेपची बैठक

शुक्रवार पेठ, सोलापूर

गोपाळभाऊजींना केसरबाईचा जय भीम, आणि जोडीला नमस्कारही. दोन्ही पाठवते आहे, घरात कोण बसलंय ते बघून हवा तो पुढं करा. तुमच्या गुडघ्यांना, हृषीकेशला आणि सूनबाईला मी विचारलंय म्हणून सांगा. गुडघ्यांना आधी विचारते, कारण पुण्याला लेकाकडं गेल्यापासून तेच तुमच्या घरात मोठे झालेत असं ऐकते. ते म्हणतील तेव्हा तुम्ही उठायचं, ते म्हणतील तेव्हा बसायचं. यशोदावहिनींच्या फोटोला माझ्या वतीनं हात जोडून सांगा की केसर बरी आहे. त्या असत्या तर हे पत्र त्यांनाच धाडलं असतं आणि तुम्हाला जी काय बोलणी बसायची ती घरच्या घरी बसली असती. आता ते कामही माझ्याकडंच आलं.

पत्र मी सांगते आहे आणि आमची सून दीक्षा लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण मधे पुष्कळ दिवस गेले, म्हणून आठवण केली. नाहीतर म्हणाल, केसरबाई म्हातारपणी शिकली आणि आम्हाला पेढा नाही. दीक्षा शाळेत मराठी शिकवते. त्यामुळं मी ‘हाय’ म्हणाले की ती ‘आहे’ लिहिते आणि ‘कुटं’ म्हणाले की ‘कुठे’. तिच्या हातून निघालेलं माझं बोलणं म्हणजे इस्त्री केलेलं लुगडं. दिसायला झ्याक, पण माझं वाटत नाही. तुम्ही वाचताना जरा चुरगाळून घ्या. (ती विचारते, “आत्या, हेपण लिहू का?” मी म्हणाले, सगळं लिही, तुला परीक्षेचा पेपर तपासायला दिलेला नाही.)

आता मालकांचं. आमचे मालक, म्हणजे तुमचा त्रिंबक, तब्येतीनं ठीक आहेत. साखर नाही. ब्लडप्रेशर आहे, पण ते ह्या उन्हात पेठेतल्या सगळ्यांनाच आहे. भाकरी खातात, शेंगाचटणी लागतेच, संध्याकाळी चौकापर्यंत जाऊन येतात. फक्त ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही भाऊजी, येतच नाही. डॉक्टर म्हणाले, तरुणपणी गिरणीच्या स्पिनिंग खात्यात त्या चात्यांच्या घोंघाटात उभं राहून कान आतून झिजले होते, उरलंसुरलं वयानं नेलं. तुम्ही त्याच गिरणीत होता, पण ऑफिसात काचेआड. म्हणून तुमचे कान शाबूत राहिले आणि गुडघे गेले, बसून बसून. ज्याची त्याची नोकरी ज्याच्या त्याच्या अंगावर निघते.

तुम्ही आपल्या रविवारच्या बैठकीतल्या मल्लेशजवळ म्हणालात म्हणे, की त्रिंबकला फोन केला तर तो ‘हॅलो, कोण’ म्हणतो आणि मधेच ठेवून देतो. वर म्हणालात, मी पुण्याला आलो ह्याचा एवढा राग असेल तर मीही नाही करत फोन. राग कसला हो. त्यांना पलीकडून काही येतच नव्हतं. फोन कानाला लावायचे, दोनदा ‘बोला’ म्हणायचे, मग फोनकडं असं बघायचे जसं त्यानं घरातलं माणूस गिळलंय, आणि ठेवून द्यायचे. मी विचारलं, कोणाचा होता? (तेव्हा माझं ओरडणं तरी पोचत होतं.) तर म्हणाले, कंपनीचा, काहीतरी विकत होता. तुम्ही तिकडं फुगून बसलात, हे इकडं कंपनीवाल्यांना शिव्या देत बसले. दोन शहाण्या माणसांचं असं झालं तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?

सतीशनं, आमच्या लेकानं, कानात घालायचं यंत्र आणलं. ते घातल्यावर पहिल्या दिवशी मालक घरभर फिरून सगळं ऐकत होते. कुकरची शिट्टी, मोरीतलं पाणी, माझा आवाज. माझा आवाज ऐकून म्हणाले, “तू एवढी किरकिरी होतीस का गं आधीपासून?” मी म्हणाले, यंत्र चांगलं दिसतंय. मग त्यांनी टेप लावला. तुम्हाला ठाऊक आहे, त्यांची ती निळ्या कागदाची कॅसेट, भीम-बुद्धाच्या कव्वालीची. लावली, आणि त्यांचं तोंड असं झालं की मला वाटलं दाताखाली खडा आला. म्हणाले, कव्वाल पत्र्यावर खिळा ओढतोय आणि टाळ्या म्हणजे कढईत फुटाणे. एक बाजू कशीबशी ऐकली, यंत्र काढून डबीत ठेवलं आणि म्हणाले, “ह्यानं ऐकण्यापेक्षा आठवलेलं बरं.” पुढं पुढं ते यंत्रही कामाचं राहिलं नाही. डबी अजून आहे. दाणे ठेवायला बरी आहे.

मग सतीशनं पांढरी पाटी आणली. वर पेनानं लिहायचं, मालकांना दाखवायचं, फडक्यानं पुसायचं. आता घरातले सगळे त्यांच्याशी पाटीवर बोलतात. सतीश लिहितो, दीक्षा लिहिते, नात लिहिते. परवा दूधवाला सुद्धा ‘उद्या येणार नाही’ एवढं लिहून गेला, आणि मालकांनी त्याला विचारलं, का रे बाबा, आणि त्यानं पुन्हा पाटी घेऊन म्हशीचं दुखणं लिहिलं. म्हणजे बघा, म्हशीचं दुखणंसुद्धा मालकांपर्यंत पोचतं. एक मीच राहिले. त्यांना ऐकू येत नाही आणि मला लिहिता येत नाही. जेवायला चला, गोळी घ्या, गॅसवाला आलाय, एवढं हातानं होतं. पण हातवाऱ्यानं टोमणा मारता येत नाही, भाऊजी. मी करून बघितलं. एवढा जन्म त्या माणसाबरोबर काढला तो सगळा बोलण्यावर काढला, आणि आता मला नवऱ्याशी भांडायचं असलं तर सून शाळेतून यायची वाट बघावी लागते. ती आली की तिला सांगायचं, ती पाटीवर लिहिणार, त्यात ‘कृपया’ घालणार, आणि मालक वाचून विचारणार, हे कोण म्हणतंय? (दीक्षा म्हणते, तिनं एकदाच ‘कृपया’ घातलं होतं. एकदा पुरे असतं.) बाकी नवराबायकोत सुनेच्या हातून लिहून घेण्यासारखं असतं तरी किती?

असो. बैठकीचं सांगते, कारण खरा गोंधळ तिथं झाला, आणि त्यात तुमचा हात आहे.

तुम्ही गेल्यावर बैठक मोडली नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्या पुढच्या खोलीत शिवलिंगप्पा येतात आणि मल्लेश येतो, पंखा फिरतो, मधे टेप. तुमची खुर्ची तशीच असते, तिच्यावर मी वाळलेले कपडे ठेवते. सगळं तसंच: प्रत्येकानं आपली एक कॅसेट आणायची, एक बाजू वाजवायची आणि मग कोणाची वरचढ ह्यावर चहा गार होईस्तोवर भांडायचं. मला अजून समजलेलं नाही की ह्यात निकाल कसा लागायचा होता. तुमची ती मोराच्या चित्राची कॅसेट, जाताना इथंच ठेवून गेलात ती, नाटकातल्या पदांची, मालकांची कव्वालीची, शिवलिंगप्पांची दुधनीहून आणलेली कानडी वचनांची, आणि मल्लेशच्या कॅसेटीत तर गाणाराच नाही, नुसती सिनेमाची गाणी गिटारीवर. मल्लेश म्हणायचा, शब्द आले की भांडण आलं, म्हणून माझीच एक नंबर. शिवलिंगप्पा म्हणायचे, माझी ऐकून जिवाला झोप लागते. मालक म्हणायचे, झोप लागते ही काय गाण्याची तारीफ झाली व्हय? आणि तुम्ही मालकांच्या कव्वालीला म्हणायचात, “त्रिंबक, हे गाणं नाही रे, ही सभा आहे.” त्यावर मालक म्हणायचे, “तुमचा गडी एका अक्षरावर जेवढा वेळ ठाण मांडून बसतो, तेवढ्यात आमची तीन कडवी होतात आणि चार माणसं शहाणी होतात.” उत्कर्षा, आमची नात, एकदा मधे पडली. कानातल्या गाण्याच्या बोंड्या काढून म्हणाली, आजोबा, प्रकारच वेगळे आहेत ना, मग कशाची कशाशी तुलना करता? तर तुम्ही चौघं पहिल्यांदा एक झालात आणि तिच्यावर तुटून पडलात, की तुलना नाही करायची तर रविवारी करायचं काय?

आता तुमचा हात कुठं ते सांगते. बैठकीचा नियम तुम्ही घातलात. बाजू संपून टेपचं बटण खट् करून वर येईस्तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. वाह म्हणायची परवानगी, बोलायची नाही. एकदा शिवलिंगप्पांच्या पायाशी विंचू निघाला होता तेव्हाही तुम्ही बोटानं गप्प म्हणालात आणि मल्लेशनं तो बिनबोलता चपलेनं मारला. हा असला तुमचा नियम.

तर त्या रविवारी मालकांची पाळी होती. पाटी तेव्हा नुकतीच आली होती, अडलं तरच लिहायचं; मंडळींना एवढंच ठाऊक होतं की त्यांच्या अण्णांना, म्हणजे मालकांना, हल्ली थोडं कमी येतं. मालक टेपवर हात ठेवून बसायचे आणि म्हणायचे, मला असं हातातून चांगलं लागतं. आम्हाला ते खरं वाटलं. घरात माझ्याशी ‘हं, हं’ करायचे, पण ते तर लग्न झाल्यापासून करत होते, त्यावरून काय ओळखायचं? त्यांनी निळी कॅसेट घातली, बटण दाबलं, तांबडा दिवा लागला, डोळे मिटले. आणि टेपमधून आवाजच आला नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसले होते. मला वाटलं, सुरुवातीला जरा कोरी पट्टी असते, येईल. नाही आला. आतला रबरी पट्टा तुटला होता, हे मागाहून कळलं. मल्लेशनं माझ्याकडं बघितलं. शिवलिंगप्पांनी मल्लेशकडं बघितलं. आणि तेवढ्यात मालकांचं बोट गुडघ्यावर चालू झालं. ठेका धरला. मान हलायला लागली. थोड्या वेळानं टेपवरचा हात काढून त्यांनी हळूच टाळी दिली, एक, मग दुसरी, आणि चेहरा असा झाला, भाऊजी, जसा तो खरंच झाला होता कॅसेट नवी आणली त्या दिवशी. खोलीत पंख्याशिवाय काही वाजत नव्हतं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला तो ऐकू आला. आणि मालकांनी बरोब्बर त्या जागी, जिथं तो दुसरा कव्वाल पहिल्याला उत्तर देतो आणि सगळी पार्टी एकदम उठते, तिथं डोळे न उघडता “वाह” म्हटलं.

मी मंडळींकडं बघितलं. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, मालकांच्या खांद्याला हात लावेल, सांगेल. पण तुमचा नियम. बटण वर आल्याशिवाय बोलायचं नाही, आणि पट्टा तुटलेल्या टेपचं बटण वर येत नाही. ही चांगली बुजुर्ग माणसं, एकाला नातवंडं, दुसऱ्याच्या यंत्रमागांवर चार माणसं कामाला, आणि दोघं पंख्याखाली घाम पुसत त्या मुक्या टेपपुढं बसून राहिले. थोड्या वेळानं शिवलिंगप्पांनीही मान हलवायला सुरुवात केली. का, ते त्यांचा देव जाणे. मग मल्लेशनं हलवली. मालकांनी ‘वाह’ म्हटलं की हे दोघं ‘वाह’ म्हणायचे, ज्याला ऐकू येत नव्हतं त्याला. मला हसू येत होतं आणि भाजीतलं काही दिसत नव्हतं. त्या दिवशी मेथीच्या भाजीत काड्याच जास्त होत्या असं सतीश म्हणाला.

मग बाजू संपली. तुम्ही म्हणाल, मुक्या टेपची बाजू कशी संपली? मालकांनी संपवली. शेवटची टाळी दिली, डोळे उघडले आणि बोटानं बटण दाबून वर घेतलं. त्यांच्या डोक्यात ती जिथं संपायची तिथं संपली. मग ते मांडी बदलून, बाह्या सरकवून, भांडायच्या तयारीनं म्हणाले, “हं. बोला आता.”

आणि इथं घात झाला. शिवलिंगप्पा काय बोलले ते त्यांना ऐकू नाहीच आलं, पण बोलताना त्यांनी हात जोडले. मल्लेशनं अंगठा वर केला, मग छातीवर हात ठेवला, मग पाटी ओढून घेऊन लिहिलं, ‘अण्णा, तुमचीच एक नंबर. आता वाद नाही.’ (दीक्षा तेव्हा घरात होती, तिनं मला वाचून दाखवलं.) मालकांनी पाटी वाचली. मल्लेशच्या तोंडाकडं बघितलं, मग शिवलिंगप्पांच्या. इतकी वर्षं ज्यानं गिटारीशिवाय कशाला गाणं म्हटलं नाही, तो एका बाजूत हरतो कसा? मालकांनी दुसरी बाजू लावावी म्हणून टेपचं झाकण उघडलं आणि कॅसेट उचलून डोळ्याजवळ धरली. पट्टी सगळीच्या सगळी डावीकडच्या चाकावर होती. जागची हललीच नव्हती.

त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाले, “असं होय.” आणि मला खूण केली, चहा टाक. चहा सगळ्यांनी न बोलता पिला. आमच्या घरात बैठकीचा चहा गरम असताना संपला तो त्या दिवशीच.

त्यानंतर मालक बोलायचे थांबले. जेवढ्यास तेवढं. टेप त्यांनी कपाटावर चढवला. कॅसेटी सगळ्या एका चादरीत बांधल्या आणि मल्लेशच्या घरी पोचवल्या, म्हणाले, तुझ्याकडं असू दे, मला काय करायच्यात. पुढच्या रविवारी मंडळी आली ती केळी घेऊन. दवाखान्यात भेटायला आल्यासारखी. पाटीवर लिहिलं, ‘बरं वाटतंय ना?’ शिवलिंगप्पांनी कानडीतलं एक वचन पाटीवर लिहून खाली अर्थ लिहिला, की देह हेच देऊळ. मालकांनी मान हलवली, केळं खाल्लं आणि आत जाऊन पडले.

मी म्हणाले, ह्या माणसाला कोणीतरी डिवचलं पाहिजे. दीक्षा शाळेतून आल्या आल्या तिला पाटीवर लिहायला लावलं, की तुमचा तो निळ्या कॅसेटीतला कव्वाल नाकात गातो आणि मला कधीच आवडला नव्हता. (खोटं आहे. मला लई आवडतो. पण तुम्ही तिकडं कोणाला सांगू नका.) मालकांनी वाचलं आणि म्हणाले, “असेल.” भाऊजी, मी हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गिरणी बंद पडली तेव्हाही नाही. मग मल्लेशला सांगितलं, तू भांड. मल्लेश पाटी घेऊन बसला, ‘अण्णा, कव्वालीपेक्षा गिटार’ एवढं लिहिलं आणि त्याचेच डोळे भरून आले, पुसून टाकलं. त्याच्या जिभेला हाड आहे की नाही ते सोडा, हाताला नाही. आता घरात सगळे त्यांना बरं वाटेल तेच लिहितात. भाकरी करपली आणि ते ‘छान झालीय’ म्हणाले तर सतीश लिहितो, ‘हो’. एवढ्या गोड घरात माणूस किती दिवस काढणार?

मला आपली पहिली गोष्ट आठवते. तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात, गिरणीतल्या ओळखीवर, यशोदावहिनींना घेऊन. मालकांनी मोठ्या हौसेनं तीच कॅसेट लावली. तुम्ही ताठ बसून सगळी ऐकलीत आणि शेवटी म्हणालात, “छान आहे.” चहा घेतलात, वहिनींनी माझ्या हातचा लाडू मागून घेतला, सगळं नीट झालं. तुम्ही गेल्यावर मालक जेवले नाहीत. मी म्हणाले, झालं काय, एवढं चांगलं म्हणाला की तो. तर म्हणाले, “चांगलं म्हणाला म्हणूनच. त्याला आवडलं नाही ते दिसत होतं की. आपल्या गाण्याला नावं ठेवायला घाबरतोय तो. म्हणजे अजून बाहेरच उभा आहे.” मग पुढच्या खेपेला तुम्ही धीर करून ते सभेचं बोललात. मालक असे भांडले की शेजारीण बघायला आली. आणि रात्री मला म्हणाले, गोपाळ आपला माणूस आहे. हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नसेल. मीही सांगणार नव्हते.

आता सगळे परत ‘छान आहे’ म्हणतात.

पत्र फार लांबलं, दीक्षाचा हात दुखतोय. ती मघाशी चष्मा पुसत होती, म्हणते धूळ आहे. कामाचं एवढंच की टेपचा तो रबरी पट्टा इथं चार दुकानांत विचारला, कोणाकडं नाही, पोरं हसतात. पुण्यात मिळत असेल तर बघावा आणि पोस्टानं धाडावा. घाई नाही. तब्येतीला जपा, गुडघ्यांना तेल लावा, लेकाच्या घरी चहा गोड झाला तरी गप्प प्या.

तुमची,
केसरबाई
(मी सांगितलं, दीक्षानं लिहिलं. आणि अंगठा माझाच आहे, शाई दीक्षाच्या लाल पेनाची.)

ता. क. पट्ट्याचं खरं नाही. पट्टा मल्लेशनं कुठून तरी आणून कधीच बसवला, टेप झकास वाजतो, फक्त लावत कोणी नाही. पट्टा धाडू नका. मला दुसरं पाहिजे. तुमचे गुडघे जिना चढू देणार नाहीत, म्हणून या म्हणत नाही. पण हात तर चालतात. मालकांच्या नावानं एक पत्र लिहा. त्यांना वाचता येतं, चष्मा परवाच बदललाय. त्यात खुशाली विचारू नका. कानाचं ऐकून वाईट वाटलं, असं चुकूनही लिहू नका. केसरबाईचं पत्र आलं होतं, हे तर नाहीच नाही. पहिल्याच ओळीत त्यांच्या कव्वालीला नावं ठेवा. सभेचं जुनं झालं, नवं काहीतरी काढा, तुम्हाला बसल्या बसल्या दुसरं काम काय आहे? आणि शेवटी लिहा, की तू गप्प आहेस म्हणजे तुला पटलं असं मी धरतो.

ता. क. दुसरा. नावं ठेवताना हात आखडू नये म्हणून एक सांगते, ते पोटात ठेवा. चादरीत सगळ्या कॅसेटी बांधून दिल्या म्हणाले ना मी, तर सगळ्या नाही दिल्या. एक मालकांनी मागं ठेवली आहे, आपल्या सदऱ्यांच्या खाली. मला वाचता येत नाही, पण मोर ओळखता येतो. त्यांची निळी तिकडं मल्लेशकडं, आणि तुमची इकडं.

ता. क. तिसरा. हे दीक्षाला मुद्दाम शेवटी लिहायला सांगते, कारण ती आता उठायच्या घाईत आहे आणि मला काही विचारणार नाही. तुमचं पत्र वाचून मालक चिडले तर लई बरं होईल. चिडले की ते खोलीतून खोलीत फिरतात आणि मोठ्यानं बोलतात, मला उद्देशून, मी उत्तर देईन की नाही ह्याची पर्वा न करता. माझे कान अजून चांगले आहेत, भाऊजी. लवकर लिहा.